डोळ्यांदेखत माप

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मय होतं, होळकरांचा इतिहास होतो, गुडघेदुखीवर डॉक्टर बोलून जातात. यंदा कार्यकारिणीनं आम्हाला उभं केलं, आणि विषय काय, तर गंजलेला पेट्रोल पंप. निमंत्रणपत्रिकेत 'जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार' असं भारदस्त छापलंय. तो छापणाऱ्यांचा चांगुलपणा.

आम्ही म्हणजे दोघं. बोलणारा एक आहे, दुसरा तिसऱ्या रांगेत बसलाय आणि काही चुकलं की तिथूनच मान हलवतो. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. डिप्लोमा झाल्यावर एक राज्य सरकारच्या नोकरीत, नापतौल खात्यात चिकटला. दुसऱ्यानं लोहामंडीजवळ खरादचं दुकान टाकलं. पुढं नापतौलवाला आणि खरादवाला असंच म्हणू, कारण ज्या घरातला हा पंप आहे त्या घरातल्या काकांनी सांगितलंय, "सगळं सांगा, पण नाव घेऊ नका." काका म्हणजे खरादवाल्याचे वडील. वय चौऱ्याऐंशी. इंदूर लहान आहे, काही जणांनी ओळखलंही असेल. ओळखलं असेल तर मनात ठेवा.

आता पंप म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतो तो आजचा, आकडे पळणारा. आमचा तसा नाही. तो हातानं चालवायचा. उंच लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावर काचेची नळकांडी, चांगली वीतभराहून रुंद आणि हातभर उंच. बाजूला लांब दांडा. दांडा पुढं-मागं ओढला की जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल वर चढतं आणि काचेत दिसायला लागतं. काचेच्या आत पितळी पट्टी, तिच्यावर गॅलनचे आकडे, एक ते पाच. पाचाच्या खुणेशी एका नळीचं तोंड असतं. पेट्रोल त्याच्यावर गेलं की जास्तीचं आपोआप खाली टाकीत परत जातं. म्हणजे पाचाच्या वर भरायचं म्हटलं तरी भरत नाही. मग काचेखालचा कॉक उघडायचा, की पेट्रोल आपल्या वजनानं रबरी नळीतून गाडीत. वीज नाही, मीटर नाही. गिऱ्हाईक मान वर करून बघतो आणि त्याला किती मिळालं ते त्याच्या डोळ्यांनी मोजतो.

ही काच का आली, ते सांगण्यासारखं आहे. पंपाची सुरुवात पेट्रोलपासून झालीच नाही. १८८५ मध्ये अमेरिकेत फोर्ट वेन गावी सिल्व्हॅनस बाउझर या माणसानं एका किराणा दुकानदाराला पंप विकला तो रॉकेलसाठी. मोटारी आल्यावर तोच पंप पेट्रोलला लागला. विमानतळावर विमानात इंधन भरणाऱ्या टँकरला आपल्याकडं आजही बाउझर म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. पण त्या सुरुवातीच्या पंपात सगळं लोखंडाच्या आत. दुकानदार म्हणणार पाच गॅलन, आणि आपण मान डोलावणार. लोकांचा विश्वास बसेना. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या आसपास ही काच पंपाच्या डोक्यावर गेली. पुढं घड्याळासारखे काट्यांचे मीटर आले, मग पैशांचा हिशेब करणारी चाकं आली, आणि काच गेली.

आमच्या पंपाची काच मात्र गेली नव्हती. बाकी सगळं गेलं होतं.

खांब काकांच्या घरामागच्या अंगणात होता. त्याच्यावर गुळवेल चढली होती, आणि घरातल्या दोन पिढ्यांनी त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. पत्र्याचं दार खालून इतकं खाल्लं गेलं होतं की त्यातून मांजर आत-बाहेर करायचं. पण काच, पितळी पट्टीसकट, घरातल्या मोठ्या लोखंडी पेटीत, दोन गोधड्यांच्या मधे. पंप बंद केला त्या दिवशी काकांच्या वडिलांनी, म्हणजे आजोबांनी, स्वतःच्या हातानं ती उतरवून ठेवली होती. लोखंड उन्हापावसात टाकून दिलं आणि काच लेकरासारखी निजवली, याचं आम्हाला पहिल्यांदा नवल वाटलं. काकांना विचारलं तर म्हणाले, "माप आहे ते."

आता घरातली गोष्ट. आजोबांचा पंप आग्रा-मुंबई रस्त्यावर, तेव्हाच्या गावाबाहेर, महूच्या दिशेला. महाराज यशवंतरावांची गाडी आमच्याकडं थांबायची, असं त्या घरात सांगतात. इंदुरात ज्याच्याकडं म्हणून जुना पंप, जुनी गाडी किंवा जुनं पंक्चरचं दुकान आहे, त्या प्रत्येकाकडं माणिकबागची गाडी थांबलेली आहे, तेव्हा ते सोडून देऊ. पण १९५१ साली एक लॉरी थांबली हे खरं. लॉरीवाल्यानं पाच गॅलन घेतलं आणि चारचौघांत सांगितलं, की माप कमी आहे. आजोबांनी वाद घातला नाही. पैसे परत केले. आणि ते पैसे परत करणंच गावाला कबुलीसारखं वाटलं.

पुढं चार-पाच वर्षं पंप चालला, मग जवळच विजेचा पंप आला आणि हा बंद झाला. तो तसाही बंद झालाच असता. पण बोलणं राहिलं. लग्नाच्या पंगतीत कुणी तूप वाढताना हात आखडला, की "पंपवाल्यांकडचे दिसतात" असं म्हणायची आपल्या लोकांत एक पद्धत होती. आपल्या लोकांत म्हणजे आपल्याच, या मंडळाच्या सभासदांच्या घरांत. हसण्यावारी म्हणायचे. म्हणणाऱ्यांना त्यामागची गोष्टही माहीत नसेल. काकांना माहीत होती.

तर दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाला बसलो असताना काकांनी नापतौलवाल्याला सरळ विचारलं, "तुझं खातं मापं तपासतं ना? मग आमचं तपास." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

तिथून हे सुरू झालं. दीड वर्षाचे रविवार गेले. खर्चाचा खरा आकडा आम्ही दोघांनीही घरी सांगितलेला नाही, आणि दोन्ही घरची मंडळी इथं बसलेली असल्यामुळं आजही सांगणार नाही.

गंजाबद्दल थोडं बोलतो, कारण कार्यक्रमाआधी तीन जणांनी तेच विचारलं. घरी जुना बंब, शिवणयंत्र, सायकल असं काही असतंच. छोट्या भागांसाठी आम्ही विजेची पद्धत वापरली. प्लॅस्टिकचा मोठा ड्रम, पाणी, त्यात दर पाच लीटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. कडेनं बांधकामाच्या लोखंडी सळया उभ्या केल्या आणि मधोमध गंजलेला भाग तारेनं टांगला. गाडीच्या बॅटरीचा चार्जर घ्यायचा, धन टोक सळयांना, ऋण टोक आपल्या वस्तूला. उलट जोडलंत तर सळया राहतील आणि वस्तू झिजेल. रात्रभरात गंज सुटून काळा साका होतो, तो ब्रशनं निघतो. दोन गोष्टी जपायच्या. एक म्हणजे यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून हे उघड्यावर करायचं, खोलीत नाही, आणि जवळपास विडीकाडी नाही. दुसरी, सळया स्टेनलेसच्या घ्यायच्या नाहीत, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. बाहेर काढल्यावर लगेच पुसून, वाळवून रेड ऑक्साइड मारायचं. चहाला म्हणून आत गेलात तर परत येईपर्यंत नारिंगी झाक आलेली असते. हे आम्ही तीनदा चहा पिऊन शिकलो.

खांब ड्रममध्ये मावणारा नव्हता. तो तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासला, हातानं. खरादवाल्याचं म्हणणं होतं की वाळूचा मारा करून एका तासात होईल. पण पत्रा इतका पातळ झाला होता की वाळूनं चाळण झाली असती. घासताना खालून रंग निघत गेले, वर लाल, त्याखाली पिवळा, सगळ्यांत तळाशी गडद हिरवा. काका शपथेवर सांगत होते की पंप निळा होता. हिरवा दाखवला तरी म्हणाले, "मग तुम्ही जास्त घासलंत."

बोल्ट एकही सुटेना. पान्यांचे आकडे जुळेनात तेव्हा लक्षात आलं की आटे व्हिटवर्थचे आहेत, म्हणजे माल विलायतेचा. ज्यांनी जुनी यंत्रं उघडली आहेत त्यांना माहीत आहे, व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा, मेट्रिकचा साठ. बळजबरीनं एकाचा नट दुसऱ्यावर चढवला तर चढल्यासारखा वाटतो आणि दोघंही जातात. सियागंजात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं व्हिटवर्थचे टॅप मिळाले. त्यानं आधी चौकशी केली कशाला हवेत म्हणून, आणि पंपासाठी म्हटल्यावर दोन रुपयेही कमी केले नाहीत.

दट्ट्या तर सिलिंडरमध्ये सहा आठवडे हलला नाही. रोज संध्याकाळी डिझेल आणि तेल सोडायचं, रविवारी गरम करायचं, लाकडी ठोकळा ठेवून ठोकायचं. सातव्या रविवारी तो सुटला, आणि खरादवाल्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं बोट गेलं. आतला चामड्याचा वायसर दगड झाला होता. तसाच नवा एका चांभारदादांकडून कापून घेतला आणि आठवडाभर तेलात मुरवला. विहिरीच्या हातपंपात असतो तोच प्रकार. बाहेरून कितीही रंग द्या, हा वायसर धड नसेल तर दांडा ओढून हात दुखतील आणि काचेत थेंब चढणार नाही.

आता भांडणाचं सांगतो.

काचेतली पितळी पट्टी काळी पडली होती. खरादवाल्याचं म्हणणं, ती सोडवू, दुकानात बफ मारू, सोन्यासारखी करू. स्क्रू सोडवायला हात घातला, तर एका स्क्रूच्या डोक्यावर मळाखाली शिशाची टिकली दिसली. त्या टिकलीवर ठसा. अक्षरं वाचता येईनात, पण ठसा होता आणि टिकली फुटलेली नव्हती.

नापतौलवाल्यानं त्याचा हात धरला. मंडळी, वजनमापांच्या कामात त्या टिकलीला फार किंमत असते. माप तपासणारा अधिकारी माप बरोबर ठरवतो आणि जिथून ते सरकवता येईल तिथं शिसं भरून ठसा मारतो. शिसं शाबूत आहे याचा अर्थ त्यानंतर ती पट्टी वर-खाली झालेली नाही. ती टिकली काढली असती तर पट्टी चकाकली असती आणि तपासायला काही उरलं नसतं. दुसऱ्याचं म्हणणं, पंप माझ्या आजोबांचा, पट्टी माझी, आणि तू घरातसुद्धा साहेबगिरी करतोस. पहिल्यानंही काही बोलायला नको ते बोललं. दोन रविवार आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या रविवारी काकांनी दोघांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "पट्टी पॉलिश करायची होती की माप बघायचं होतं?" पट्टी आजही काळीच आहे.

एक विचार मात्र आमच्या दोघांच्याही मनात येऊन गेला, तो इथं सांगून टाकतो. माप खरंच कमी निघालं तर? चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला काय सांगायचं? खरादवाला एकदा म्हणालासुद्धा, की जास्तीचं परत नेणाऱ्या नळीखाली एक चकती सरकवली की माप वाढतं, बाबांना कळणार नाही. म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. कारण ज्या माणसानं माप म्हणून काच गोधडीत ठेवली, त्याच्या मापाखाली चकती सरकवायची, म्हणजे लॉरीवाल्याचं म्हणणं आपणच खरं करायचं.

चाचणीचा दिवस फेब्रुवारीतला. पेट्रोल वापरायचा प्रश्नच नव्हता, घराच्या अंगणात उघडं पेट्रोल खेळवण्याइतके आम्ही खुळे नाही. साधं पाणी घेतलं. आकारमान मोजायचं असेल तर पाणी चालतं, नंतर सगळं वाळवून तेल द्यावं लागतं इतकंच. खात्याची मापं घरच्या कामाला आणता येत नाहीत, म्हणून ठसा मारलेलं पाच लीटरचं आणि एक लीटरचं अशी दोन मापं बाजारातून विकत आणली, पावती घेऊन. रबरी नळी नवी बसवली. जुनी सडली होती, पण तिच्याच लांबीची आणि तिच्याच पोकळीची घेतली, दहा फूट लांब आणि पाऊण इंच पोकळ. पाणी धरायला या मंडळाचं महाप्रसादाचं स्टीलचं पातेलं मागून आणलं. ते स्टुलावर, पंपाला लागून ठेवलं.

हिशेब साधा आहे. आपल्याकडचा जुना गॅलन इंग्लंडचा, म्हणजे ४.५४६ लीटरचा. अमेरिकेतला वेगळा, त्याहून लहान. पाच गॅलनचे झाले २२.७३ लीटर. आपल्याकडं १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत गॅलन गेला. आमचा पंप त्याच्या आधीचा, त्याला लीटर ठाऊकच नाही.

काकांनी खुर्ची अंगणात घेतली. दांडा ओढला, काच भरली, जास्तीचं पाणी परत गेलं, पातळी पाचावर स्थिर झाली. कॉक उघडला. पातेल्यात आलेलं पाणी मापानं मोजलं. मापाची रीत अशी, की ते आधी ओलं करून अर्धा मिनिट निथळू द्यायचं आणि मग वापरायचं, नाहीतर मापाच्या अंगाला चिकटलेलं पाणी हिशेबात येतं. पाच-पाच लीटरची चार मापं भरली. उरलेलं मोजलं. २.७३ हवं होतं. निघालं २.३२.

चारशे दहा मिलीलीटर कमी. जवळजवळ पावणेदोन टक्के. आज पंपावर पाच लीटरच्या मापाला पंचवीस मिलीलीटर इकडं-तिकडं चालतं, म्हणजे अर्धा टक्का. हे त्याच्या तिपटीहून जास्त.

अंगणात कुणी बोलेना. काका काचेकडं बघत बसले होते.

आम्ही पुन्हा भरलं. या वेळी २.७२. एका थेंबाची चूक म्हणावी इतकं बरोबर. खरादवाल्यानं पहिल्या वेळी काहीतरी सांडलं असणार म्हणून टाळी दिली. पण खात्याची सवय वाईट, तीन वेळा मोजल्याशिवाय लिहायचं नाही. मधे जेवणं झाली. कुणीतरी जाता-येता अडचण नको म्हणून नळी उचलून आडवी करून ठेवली, तिच्यातलं पाणी फरशीवर गेलं. जेवणानंतर तिसऱ्यांदा मोजलं, आणि पुन्हा चारशेच्या आसपास कमी.

एकदा कमी, एकदा बरोबर, पुन्हा कमी. तेच यंत्र, तीच खूण, तेच माप. आम्ही कॉक उघडून पाहिला, गळती पाहिली, पातेल्याला भोक आहे का तेही पाहिलं. तेवढ्यात काका खुर्चीतून म्हणाले, "नळी कोणी उचलली?"

पाऊण इंच पोकळीच्या दहा फुटी नळीत साडेआठशे मिलीलीटरहून थोडं जास्त पाणी मावतं. पातेलं उंचावर आणि पंपाला खेटून, त्यामुळं नळीला मधे झोळ पडला होता. काच रिकामी झाली तरी झोळातलं पाणी नळीतच राहत होतं, आणि ते जवळजवळ नळीच्या निम्मं. पहिल्या वेळी नळी कोरडी होती, तेवढं पाणी झोळात अडकलं आणि पातेल्यात कमी आलं. दुसऱ्या वेळी झोळ आधीच भरलेला, म्हणून माप बरोबर. जेवणाच्या वेळी नळी रिकामी झाली आणि तिसऱ्या वेळी परत कमी. आजच्या पंपाची नळी कायम भरलेली असते आणि बंद होते ती टोकाशी, त्यामुळं हा घोळ होत नाही. जुन्या पंपावर दर गिऱ्हाइकाला शेवटी नळी काचेकडून हातात धरत टोकापर्यंत उचलत न्यायची असते, म्हणजे शेवटचा थेंब त्याच्या टाकीत जातो.

तसं करून चौथ्यांदा मोजलं. २.७३. शिशाच्या टिकलीनं इतक्या वर्षांनी साक्ष दिली. माप खरं होतं.

आम्हाला वाटलं काका खूश होतील. ते म्हणाले, "नळीवर मी होतो."

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्या मुलानंही पहिल्यांदाच ऐकलं. १९५१ साली ते अकरा वर्षांचे. शाळा सुटली की पंपावर जायचे. दांडा ओढायचं बळ नव्हतं, तो वडील ओढायचे. नळी यांच्याकडं. लॉरी पंपाला अगदी खेटून लागली होती. पुढं मानपूरचा घाट, म्हणून लॉरीवाल्यानं जास्तीचं पेट्रोल डब्यांत घेतलं. रॉकेलचा चार गॅलनचा डबा आणि एक गॅलनचा कॅन, दोन्ही लॉरीच्या फळीवर, उंच. रस्त्यापलीकडं अस्वलवाला आला होता, डमरू वाजत होता. यांनी काच रिकामी झालेली बघितली, कॉक फिरवला, नळी तशीच आकड्याला अडकवली आणि पळाले. परत आले तेव्हा लॉरीवाला कॅन तिरका करून लोकांना दाखवत होता. कॅन भरला नव्हता.

"मी बघितलं आणि मला लगेच कळलं," काका म्हणाले. "नळी तशीच लटकत होती. पण बोललो नाही."

आजोबांनी पैसे दिले, लॉरी गेली. नळीतलं ते पेट्रोल पुढच्या गिऱ्हाइकाला गेलं असणार. हे आम्ही काकांना समजावलं, की आजोबांच्या खिशात त्यातला थेंबही गेला नाही, एकाचं कमी ते दुसऱ्याला जास्त. ते म्हणाले, "लॉरीवाल्याला कमीच मिळालं ना?" याला आमच्या डिप्लोमात उत्तर नव्हतं.

खरादवाल्यानं विचारलं, "आजोबांना कळलं होतं का?" काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की दुसऱ्या दिवसापासून बाबा दर गिऱ्हाइकाला दांडा सोडून स्वतः नळी उचलायला यायचे. मला कधी काही विचारलं नाही. नळीवरून काढलंही नाही. मी धरायचो, ते येऊन उचलायचे.

हे आज इथं सांगायचं का, यावर आमचं पुन्हा वाजणार होतं. पण काकांनीच सांगितलं, की ज्या लोकांत ते बोललं गेलं त्या लोकांत हे सांगा. माप बरोबर होतं हे सांगा, आणि पोरानं नळी उचलली नाही हेही सांगा. नुसतं पहिलं सांगाल तर ते परत कमी माप होईल. त्यामुळं दोन्ही सांगितलं.

पंपाला शेवटी तळाचा गडद हिरवा दिला. काकांनी तो पाहून, "निळाच होता," एवढंच म्हटलं. खांबाच्या पायथ्याशी जिथं पत्रा खाल्ला गेलाय तिथं नवा तुकडा जोडला, पण दाराच्या खालचं मांजराचं भोक तसंच ठेवलं, कारण मांजर अजून येतं. यंदाच्या सजावटीत पंप मांडवाबाहेर दिवे लावून उभा करायची मागणी आली होती. खांब चार माणसांना उचलत नाही, आणि काच हलवायची काकांची तयारी नाही, म्हणून तो बेत राहिला.

पंप सध्या त्यांच्या घराच्या ओट्याजवळ आहे. कुणाला पाहायचा असेल तर संध्याकाळी या, काका त्या वेळी बाहेरच बसलेले असतात. टाकीच्या जागी पाण्याचा ड्रम जोडलाय. पोरांना दांडा ओढू देतात, काच भरली की आकडा मोठ्यानं वाचायला लावतात. नळी मात्र ते स्वतः उचलतात.